टॅरोची चित्रे : मूळ अर्थ आणि मागाहून आलेला अर्थ

टॅरो हा शब्द उच्चारताच आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भविष्य सांगणारी व्यक्ती, मेजावर मांडलेले पत्ते आणि त्यांवरील गूढ चित्रे उभी राहतात. या पत्त्यांत प्राचीन काळचे काही गुप्त ज्ञान साठविलेले आहे, अशी समजूतही दूरवर पसरलेली आहे. वस्तुतः टॅरो हा मुळात पत्त्यांचा एक खेळ होय. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो जन्मास आला आणि फ्रान्स, ऑस्ट्रिया, इटली या देशांत तो आजही आवडीने खेळला जातो. भविष्यकथनासाठी या पत्त्यांचा उपयोग होऊ लागल्याचे पुरावे अठराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. म्हणजे सुमारे तीनशे वर्षे ही चित्रे केवळ खेळणाऱ्यांच्या हातांतून फिरत होती.

यावरून एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. टॅरोच्या जोडात एका पायाने उलटा टांगलेला माणूस आहे, हातात विळा किंवा धनुष्य घेतलेला सांगाडा आहे, पोपचा मुकुट घातलेली एक स्त्री आहे. गूढविद्येशी काही संबंध नसेल, तर खेळाच्या पत्त्यांवर अशी चित्रे काढण्याचे कारण काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास असे दिसून येते की, ज्या काळात ही चित्रे निर्माण झाली त्या काळी त्यांत गूढ असे काहीच नव्हते. ती कोणालाही ओळखता येत होती. पाहणाऱ्याला त्यांचा संदर्भ कळेनासा झाला, तेव्हाच ती गूढ झाली.

पत्त्यांचे आगमन

पत्ते हा युरोपचा स्वतःचा शोध नव्हे. ते इस्लामी जगातून तेथे आले. इ. स. १३७७ मध्ये फ्लॉरेन्स नगराने पत्त्यांच्या खेळावर निर्बंध घातले, तेव्हा हा खेळ तेथे नव्यानेच आल्याचा उल्लेख केलेला आहे. इटलीत त्यास 'नाइबी' म्हणत. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही 'नाइपेस' म्हणतात. या शब्दांचे मूळ इजिप्तमधील मामलूक राजवटीच्या पत्त्यांत सापडते. अशा पत्त्यांचा एक सुंदर जोड इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. त्यात पेले, नाणी, तलवारी आणि चौगान खेळण्याच्या काठ्या असे चार रंग असून प्रत्येक रंगात राजा, त्याचा नायब आणि दुसरा नायब असे तीन मानाचे पत्ते आहेत. 'नायब तहसीलदार' या पदनामात मराठी वाचकाला रोज भेटणारा शब्द तो हाच. चौगानचा खेळ इटलीत कोणाला ठाऊक नव्हता. त्यामुळे तेथील चित्रकारांच्या हाती त्या काठ्यांची साधी दांडकी झाली. चित्राचा संदर्भ हरवला की अर्थ कसा बदलतो, याचे हे पहिले उदाहरण म्हणावे लागेल.

पत्त्यांच्या याच विस्तृत परिवारातील दुसरी शाखा इराणमार्गे भारतात आली. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शासकाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. पुढे भारतीय कारागिरांनी दशावतारी गंजिफा घडविली. कोकणातील सावंतवाडी येथे ती कला टिकून राहिली आहे. दहा रंग आणि प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० गोल पत्त्यांच्या या जोडात मासा दिसला की मत्स्यावतार, कासव दिसले की कूर्मावतार आणि परशू दिसला की परशुराम, हे खेळणाऱ्यास सांगावे लागत नाही. पुराणकथा त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात. पंधराव्या शतकातील इटालियन खेळाडू आपल्या पत्त्यांकडे नेमक्या याच दृष्टीने पाहत होता.

विजययात्रेचे पत्ते

इटलीत चार रंगांच्या नेहमीच्या पत्त्यांना चित्रांच्या एका नव्या मालिकेची जोड देण्यात आली. या नव्या पत्त्यांना 'त्रिओन्फी', म्हणजे विजय किंवा विजययात्रा, असे नाव होते. फ्लॉरेन्समध्ये १४४० साली आणि फेरारा येथील एस्ते घराण्याच्या हिशेबात १४४२ साली त्यांचा उल्लेख आढळतो. 'तारोक्की' हे नाव मात्र १५०५ पासून दिसू लागते. 'टॅरो' हे त्याचे फ्रेंच रूप होय. पूर्ण जोड ७८ पत्त्यांचा असे. त्यात चार रंगांचे प्रत्येकी चौदा म्हणजे ५६ पत्ते, एकवीस चित्रांचे पत्ते आणि शिवाय मूर्खाचा एक पत्ता असतो. ही एकवीस चित्रे म्हणजे कायमचे हुकूम होत. त्यांतील कोणतेही चित्र साध्या पत्त्यावर मात करते आणि वरच्या क्रमाचे चित्र खालच्या चित्राला मारते. हुकूम या अर्थाचा इंग्रजी 'ट्रम्प' हा शब्दही या विजयाच्या कल्पनेतूनच आलेला आहे.

एकाने दुसऱ्यावर मात करावी आणि त्याच्यावर तिसऱ्याने करावी, ही कल्पना त्या काळच्या सुशिक्षितांस परिचयाची होती. कवी पेत्रार्क याच्या मृत्यूला, जो १३७४ मध्ये झाला, तेव्हा पाऊणशे वर्षेही झाली नव्हती. विजययात्रांवरील त्याच्या काव्यात प्रेम सर्वांना जिंकते, प्रेमाला शुचिता जिंकते, शुचितेला मृत्यू, मृत्यूला कीर्ती, कीर्तीला काळ आणि काळाला अनंतत्व जिंकते. उत्सवप्रसंगी नगरांतून अशा रूपकांचे सजविलेले रथ मिरवीत. पत्त्यांच्या जोडातील क्रम या काव्याशी जसाच्या तसा जुळत नाही. परंतु त्यामागील विचार एकाच मुशीतला आहे.

श्रीमंतांसाठी असे जोड हाताने रंगवून सोन्याचा वर्ख लावून तयार करण्यात येत. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा या राजघराण्यांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्यास रंगविलेल्या एका जोडाचे ७४ पत्ते आज उपलब्ध असून ते न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामो येथील कारारा कलासंग्रह आणि एक खाजगी संग्रह अशा तीन ठिकाणी विभागलेले आहेत. बोनिफाचो बेम्बो हा त्याचा चित्रकार मानला जातो. या पत्त्यांवरील सम्राज्ञीच्या वस्त्रावर स्फोर्झांचे तीन गुंतलेल्या अंगठ्यांचे चिन्ह आहे. ज्याने पत्ते रंगवून घेतले त्याचे घराणे त्यांत मिरवावे, हा सरळ हेतू त्यातून दिसतो.

चित्रांचा क्रम

या मालिकेचा आरंभ तळातून होतो. सर्वांत खालचा हुकूम म्हणजे रस्त्यावर मेज मांडून पेले, गोळ्या आणि चाकू यांच्या साहाय्याने हातचलाखी करणारा गारुडी. त्यानंतर समाजातील सत्ताधारी येतात : स्त्री-पोप, सम्राज्ञी, सम्राट आणि पोप. या सर्वांवर प्रेमाचा अंमल चालतो. पुढे विजयरथ, न्याय, वृद्ध पुरुष, दैवचक्र, बल, टांगलेला माणूस आणि मृत्यू हे पत्ते येतात. मृत्यूचा क्रमांक बहुतेक जोडांत तेरावा असतो. मात्र मृत्यू हा मालिकेचा शेवट नव्हे. त्याच्यापुढे संयम, सैतान आणि वीज पडून कोसळणारा बुरूज, त्यावर तारा, चंद्र आणि सूर्य, आणि अखेरीस मृतांना थडग्यांतून उठविणारा अंतिम निवाडा व विश्व हे पत्ते असतात.

तारा, चंद्र आणि सूर्य हा क्रम वाढत्या प्रकाशाचा आहे. मृत्यूवर पुनरुत्थानाची मात होणे, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती कल्पना आहे. न्याय, बल आणि संयम हे मध्ययुगीन नीतिशास्त्रातील चार मुख्य सद्गुणांपैकी तीन होत. चौथा सद्गुण विवेक. तो मात्र नेहमीच्या जोडात नाही. न्यायदेवतेच्या हातातील तलवार व तराजू तत्कालीन माणसाने न्यायसभेच्या भिंतीवर पाहिलेले असत; निवाड्याच्या दिवशी कर्णे फुंकणारे देवदूत त्याने चर्चमध्ये पाहिलेले असत. पत्त्यावरील चित्र ओळखण्यास त्याला लिहितावाचता येण्याचीही गरज नव्हती.

या क्रमात स्थानपरत्वे भेद पडत. फेरारामध्ये न्यायाचे स्थान विश्वाच्या शेजारी अगदी वर होते, तर फ्लॉरेन्स व बोलोन्या येथे निवाड्याचा देवदूत सर्वश्रेष्ठ मानला जाई. पत्त्यांची संख्याही सर्वत्र सारखी नव्हती. फ्लॉरेन्समधील 'मिंक्याते' नावाच्या खेळात बारा राशी आणि चार महाभूते यांची भर घालून हुकूम चाळीस करण्यात आले, तर बोलोन्यातील जोड ६२ पत्त्यांवर आणला गेला. जी मालिका खेळाच्या सोयीनुसार वाढविता वा बदलता येते, तिच्या संख्येत किंवा क्रमात एखादे अपरिवर्तनीय रहस्य असेल असे मानणे कठीण आहे.

धर्माधिकाऱ्यांचा या पत्त्यांवर रोष असे, हे खरे. सुमारे १५०० सालच्या एका लॅटिन प्रवचनात धर्मोपदेशकाने एकवीस हुकुमांची यादीच दिली आहे. परंतु त्याची तक्रार जादूटोण्याची नाही. जुगाराच्या खेळात पोप, देवदूत आणि प्रत्यक्ष ईश्वर यांना ओढले जाते, याचा त्याला संताप आलेला आहे. या चित्रांत गुप्त उपासना दडलेली असल्याची शंका त्यालादेखील आली नव्हती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

तीन चित्रांची कथा

दैवचक्राचे चित्र घ्यावे. सहाव्या शतकात तुरुंगात मृत्यूची वाट पाहत असलेल्या बोएथियस या विद्वानाने आपल्या ग्रंथात दैवाच्या फिरत्या चाकाचे वर्णन केले आणि पुढील हजार वर्षे ते युरोपच्या मनातून गेले नाही. मिलानच्या पत्त्यावर या चाकाभोवती चार माणसे आहेत. एक वर चढत आहे, दुसरा शिखरावर बसला आहे, तिसरा खाली घसरत आहे आणि चौथा तळाशी रांगत आहे. राज्य करीन, राज्य करतो, राज्य केले, आता राज्यहीन आहे, असा या चौघांचा परंपरागत अर्थ. चढणाऱ्याला गाढवाचे कान फुटू लागले आहेत, शिखरावरच्याचे कान पूर्ण वाढलेले आहेत, आणि घसरणाऱ्याला शेपूट आहे. तळाशी पडलेला वृद्ध तेवढा पूर्ण माणूस राहिला आहे. सत्ता माणसाचे गाढव करते, हा उपदेश खुद्द राजाच्या हातातील पत्त्यावर रंगविलेला होता.

दुसरे चित्र वृद्धाचे. याला पुढे तपस्वी हे नाव मिळाले आणि त्याच्या हातातील कंदील हा ज्ञानाचा प्रकाश मानला जाऊ लागला. परंतु मिलानच्या जुन्या पत्त्यावरील वृद्धाच्या हातात कंदील नाही, वाळूचे घड्याळ आहे. तो तपस्वी नसून काळ आहे. लाकडी ठशांवरून पत्ते छापले जाऊ लागले, एका ठशावरून दुसरा ठसा कोरला जाऊ लागला, आणि घड्याळाच्या जागी हळूहळू कंदील आला. हातातील वस्तूबरोबर व्यक्तीही बदलली.

तिसरे चित्र टांगलेल्या माणसाचे. पंधराव्या शतकातील इटलीत द्रोही, दिवाळखोर आणि फरारी गुन्हेगार यांची बदनामीची चित्रे सार्वजनिक इमारतींवर रंगविण्याची चाल होती. अपराधी हाती लागला नाही तरी त्याची अब्रू तरी भिंतीवर टांगली जाई, आणि द्रोह्याचे चित्र एका पायाने उलटे टांगलेले असे. १४४० मध्ये फ्लॉरेन्सने आपल्या विरोधकांवर विजय मिळविला तेव्हा आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने बंडखोरांची अशीच चित्रे काढली आणि त्यावरून त्याला 'टांगलेल्यांचा आंद्रेआ' असे टोपणनाव पडले. इटालियन याद्यांत या पत्त्याला कधी 'फाशी दिलेला' तर कधी 'द्रोही' असे म्हटलेले आढळते. पॅरिस येथील एका जुन्या जोडात त्याच्या दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या आहेत. चांदीच्या नाण्यांसाठी गुरूला विकणाऱ्या जूडासची आठवण ते चित्र पाहून कोणाही ख्रिस्ती माणसाला झाल्यावाचून राहिली नसेल.

या चित्राला एक करुण उपकथा आहे. मिलानचा अधिपती फ्रान्चेस्को स्फोर्झा याचा पिता मुत्सिओ हा भाडोत्री सेनापती होता. पोपपदावर हक्क सांगणाऱ्या तेविसाव्या जॉनचा पक्ष सोडून तो शत्रूस जाऊन मिळाला, तेव्हा जॉनने रोममध्ये त्याची उलटी टांगलेली चित्रे लावविली. त्याच मुत्सिओच्या पुत्राच्या घराण्यासाठी रंगविलेल्या जोडात टांगलेला माणूस आहे. ते चित्र कशाचे, हे त्या घरात कोणाला विचारावे लागले नसते.

मिसरचा भास

अठराव्या शतकापर्यंत टॅरोचा खेळ फ्रान्स, स्वित्झर्लंड व जर्मन प्रदेशांत पसरला होता. परंतु पॅरिसमध्ये तो मागे पडला होता. आंत्वान कूर द जेबलँ या विद्वान लेखकाने एके दिवशी काही मंडळींना हा अपरिचित खेळ खेळताना पाहिले. त्या चित्रांत आपल्याला मिसरचे प्राचीन ज्ञान दिसते, असे त्याने जाहीर केले, आणि १७८१ मध्ये आपल्या बृहद्ग्रंथाच्या आठव्या खंडात ते सविस्तर मांडले. टॅरो हा मिसरच्या पुरोहितांनी खेळाच्या रूपाने जतन केलेला ग्रंथ असून 'टॅरो' या शब्दाचा अर्थ मिसरी भाषेत 'राजमार्ग' असा होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या वेळी मिसरची चित्रलिपी जगात कोणालाही वाचता येत नव्हती. रोझेटा येथील शिलालेख १७९९ मध्ये सापडला आणि शांपोलियोंने ती लिपी १८२२ मध्ये उलगडली. तोवर या तर्काला चाळीस वर्षे होऊन गेली होती आणि तो लोकांच्या मनात रुजलाही होता.

टांगलेल्या माणसाविषयी कूर द जेबलँने केलेला तर्क विशेष उद्बोधक आहे. चार सद्गुणांपैकी विवेक जोडात नाही, हे त्याने अचूक हेरले. मग हे चित्र म्हणजे एक पाऊल टेकवून दुसरे जपून उचलणारा विवेकच असला पाहिजे, आणि अडाणी पत्तेवाल्याने ते उलटे छापले, असे त्याने ठरविले. बदनामीच्या चित्रांची चाल त्याच्या काळी विस्मृतीत गेली होती. कारागीर चुकला असावा असे त्याला वाटले; आपल्याला माहिती नसावी असे वाटले नाही.

पुढे एतेला या नावाने प्रसिद्ध असलेल्या भविष्यवेत्त्याने खास भविष्यकथनासाठी पत्त्यांचा जोड काढला. एलिफास लेव्ही याने १८५०च्या दशकात एकवीस हुकूम व मूर्ख मिळून होणाऱ्या बावीस पत्त्यांची सांगड हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांशी घातली. १८८८ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढवादी मंडळाने त्यांत राशी व ग्रह यांची भर घातली. सिंह राशीचा क्रम तुळेच्या आधी येतो. म्हणून सिंहाचे चित्र असलेला बलाचा पत्ता आठवा आणि तराजूचे चित्र असलेला न्यायाचा पत्ता अकरावा करण्यात आला. जुन्या फ्रेंच जोडात हा क्रम नेमका उलट होता. चित्रांवरून सिद्धांत काढण्याऐवजी सिद्धांतावरून चित्रांची मांडणी बदलण्यापर्यंत मजल गेली होती.

१९०९चा जोड

याच मंडळाचा सदस्य आर्थर एडवर्ड वेट याने १९०९ मध्ये एक नवा जोड प्रसिद्ध केला. आज जगात टॅरो म्हणून जो पाहिला जातो तो बहुधा हाच किंवा याच्या अनुकरणाने काढलेला असतो. त्याची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढली. जुन्या बहुतेक जोडांत साध्या पत्त्यांवर केवळ तितके पेले किंवा तितक्या तलवारी असत. स्मिथबाईंनी त्या प्रत्येक पत्त्यावर एक लहानसा प्रसंग रंगविला : शोकाकुल स्त्री, घराकडे निघालेला प्रवासी, तीन तलवारींनी विंधलेले हृदय. ही शेवटची कल्पना पंधराव्या शतकाच्या अखेरच्या एका इटालियन जोडातही आढळते. या जोडाची लोकप्रियता पुष्कळ अंशी या प्रसंगचित्रांत आहे. तथापि दीर्घकाळ त्यावर प्रकाशकाचे व वेटचे नाव झळकत राहिले आणि चित्रकर्ती मात्र १९५१ मध्ये उपेक्षित अवस्थेतच निवर्तली.

या जोडात गारुड्याचे रूपांतर महान सिद्धपुरुषात झाले. त्याच्या मेजावर चेंडू व चाकूऐवजी पेला, तलवार, नाणे आणि दंड ही चारही रंगांची चिन्हे मांडली गेली, आणि मस्तकावर अनंताचे चिन्ह आले. टांगलेल्या माणसाच्या डोक्याभोवती तेजोवलय उजळले. पालवी फुटलेल्या वधस्तंभावर तो शांत मुद्रेने ध्यानमग्न असल्याप्रमाणे लटकू लागला. ज्या आकृतीच्या दर्शनाने एकेकाळी नगरवासी थुंकत असतील, ती आत्मसमर्पणाचे प्रतीक झाली.

समारोप

हे नवे अर्थ खोटे म्हणून टाकून द्यावेत काय? तसे म्हणता येणार नाही. प्रतीके एका जागी थांबत नाहीत. प्रत्येक पिढी त्यांत आपले काही ओतते आणि त्यातून स्मिथबाईंच्या चित्रांसारखी नवी निर्मितीही होते. टॅरोचे गूढवादी वाचन हादेखील आता सव्वादोनशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे. आक्षेप आहे तो वेगळ्या गोष्टीवर. १७८१ नंतर दिलेला अर्थ हाच प्राचीन अर्थ आहे असे सांगितले जाते, तेव्हा एका समाजाची खरी स्मृती पुसली जाते. मिसरच्या कल्पित पुरोहितांना जागा देण्यासाठी मिलानचा चित्रकार, भिंतीवरचा द्रोही, सत्तेच्या चाकावरचे गाढव आणि प्रवचनात संतापलेला धर्मोपदेशक यांना बाहेर जावे लागते.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात टॅरोचा इतिहास हा मुख्यतः एका खेळाचा इतिहास आहे, हे पुराव्यांनिशी दाखवून दिले. त्यामुळे ही चित्रे रुक्ष झाली नाहीत; उलट त्यांना त्यांची माणसे परत मिळाली. कोणतेही जुने चित्र समोर आले असता ते कोणासाठी काढले, कोठे दिसत असे आणि पाहणाऱ्याला त्यात काय ओळखू येत असे, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. उलटा टांगलेला माणूस उलटा छापला गेला नव्हता. तो तसाच दाखवावयाचा होता, आणि त्या काळच्या प्रत्येकाला त्याचे कारण माहीत होते.